तारीख नको, ड्युटी विचारा: जुन्या रेल्वे वस्तीचा इतिहास कसा जमवायचा

कुर्डुवाडीला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली आमची मंडळी आता पुणे, मुंबई, सोलापूर अशी पांगलीत. अधूनमधून ग्रुपवर कुणीतरी नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या) गाडीचा फोटो टाकतं, मग दोन दिवस "काय दिवस होते राव" चालतं आणि तिसऱ्या दिवशी परत गुड मॉर्निंगची फुलं. मी म्हटलं हे सगळं कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि असं म्हणणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं तसं ते माझ्याच गळ्यात पडलं. करताना पुष्कळ चुका केल्या. दौंड म्हणा, मिरज म्हणा, भुसावळ, मूर्तिजापूर, जिथं कुठं तुमची जुनी रेल्वे वस्ती असेल तिथलं असं काही करायचं मनात असेल तर खालचं वाचा, निदान माझ्या चुका तरी परत करू नका. उदाहरणं सगळी कुर्डुवाडीची आहेत कारण मला तेच गाव माहितीय.

पहिलं म्हणजे लगेच कुणाकडे रेकॉर्डर घेऊन जायचं नाही. आधी घरी बसून एकच प्रश्न सोडवायचा: ही वस्ती इथंच का झाली? रेल्वे उगाच कुठं क्वार्टर बांधत नाही. इंजिनाला पाणी लागतं म्हणून, घाट चढायला जादा इंजिन जोडायचं म्हणून, ड्रायव्हर-गार्ड बदलायचे म्हणून, नाहीतर दोन लाईनी एकत्र येतात म्हणून. ते कारण सापडलं की कुणाला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

कुर्डुवाडीचं कारण म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई-मद्रास लाईन १८५९-६० च्या सुमारास पुण्याहून सोलापूरकडे गेली ती बार्शीला न शिवता गेली. बार्शी त्या काळात कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण स्टेशन पडलं सुमारे ३५ किलोमीटर लांब, आणि त्याचं नाव ठेवलं बार्शी रोड. तेच आजचं कुर्डुवाडी. (स्टेशनच्या नावात "रोड" दिसलं की समजायचं गाव लांब आहे आणि इथून फक्त रस्ता जातो, अक्कलकोट रोड आणि नाशिक रोड बघा.) मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर जोडलं, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर लाईन झाली. या माणसाचं खरं डोकं असं की कुठल्याही डब्याचं किंवा इंजिनाचं एका आसावर पाच टनापेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलके रूळ चालतात, हलके पूल चालतात, खर्च कमी. त्यानंतर त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला याच गेजची लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाईन केली, ती १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली आणि १९३७ पासून तिथं लोक पायी फिरायला जातात. आपल्या बार्शी लाईटची ती धाकटी बहीणच, तीस वर्षांत आटपली, आपली मात्र शंभरी पार करून गेली.

तर अडीच फुटी लाईन आणि साडेपाच फुटी लाईन एका गावात भेटतात म्हणजे काय होतं? काहीच सरळ पुढं जात नाही. माल मोठ्या डब्यातून काढून छोट्या डब्यात भरायचा, पोतं पोतं पाठीवरून. मुंबईहून पंढरपूरला निघालेला वारकरी इथं उतरणार, बोचकं घेऊन दुसऱ्या फलाटावर जाणार आणि बसणार. गाडी कधी येईल ते विठ्ठलाला माहीत. त्या बसण्यावर चहावाले, वडेवाले, हमाल, टांगेवाले, लॉजवाले सगळे जगले. म्हणून आमच्याकडे विचारायचा प्रश्न "गाडी किती जोरात जायची" हा नव्हेच, "गाडी येईपर्यंत काय चालायचं" हा आहे. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

त्याआधी मी काय केलं ते सांगतो. वीस प्रश्नांचा छापील फॉर्म करून नेला. "आपल्या काळातील जीवन कसे होते?" असं विचारल्यावर पंच्याऐंशी वर्षांचे रिटायर्ड फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारे) काका म्हणाले "बरं होतं की". पुढं? पुढं काही नाही, चहा आला. "लाईन कधी बंद झाली" विचारलं तर म्हणे झाली की पंधरावीस वर्षं. घरातल्या सुनेनं मागून सांगितलं, अहो बाबांना वर्षं नाही सांगता येत. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि निघताना उगाच विचारलं, काका रात्रीच्या ड्युटीला उठवायला कोण यायचं? तिथून पाऊण तास.

कॉलबॉय यायचा. पोरगं नव्हे हो, पन्नाशीचा माणूस असला तरी कॉलबॉयच. हातात कंदील आणि बगलेत वही. दारावर काठी आपटायचा, नाव घ्यायचा, गाडीचा नंबर सांगायचा आणि वहीवर सही घेतल्याशिवाय हलायचा नाही, कारण सही नसली आणि फायरमन झोपून राहिला तर कॉलबॉयची नोकरी. काकूंनी आतनं भर घातली: सही हेच करायचे पण उठायची मीच. भाकरी रात्री अकराला थापायची की दोनला ते कॉलवर, शेजारच्या दाराची काठी ऐकून पण जाग यायची आणि आपलं दार नाही म्हटल्यावर परत डोळा लागायचा नाही. तीन दारांच्या काठीचा आवाज त्या वेगवेगळा ओळखायच्या, लाकडाचं दार, पत्र्याचं दार आणि एक जिथं कडी सैल होती ते. आता हे कुठल्या गॅझेटियरमध्ये मिळणारे?

तर नियम हा, की साल विचारायचं नाही, ड्युटी विचारायची. ड्युटी किती वाजता लागायची, डबा कोण पोचवायचं, घरी आल्यावर कपडे कुठं काढायचे (आत नाही, मोरीत, कोळशाने सगळं काळं), आंघोळीचं पाणी कशावर तापायचं. आमच्या वस्तीत बंबात शेडमधला अर्धवट जळका कोळसा जायचा, इंजिनाची राख झाडली की त्यातून बायका आणि पोरं तो वेचून आणायची, आणि हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही म्हणायचं नाही, एखादा नवीन साहेब आला की आठ दिवस बंद.

आणि घरातल्या बायकांना वेगळं बसवून विचारा. पुरुष स्टेशन सांगतात, बायका वस्ती सांगतात. नळाला पाणी कधी यायचं, कुठल्या चाळीत कुणाचं भांडण, कुणाकडे हळदीकुंकू, कानडी शेजारणीकडून काय शिकलं. आपली सोलापूर डिव्हिजन पार वाडी-गुलबर्ग्याकडे जाते त्यामुळे चाळीत कानडी, तेलुगू, उर्दू, मराठी सगळं चालायचं. एका आजींना आजही रागावल्यावर कानडीच येतं, घर पक्कं मराठी.

सालं तरीही लागतातच, ती मागच्या दाराने काढायची. त्याच्या तीन-चार युक्त्या आहेत. सगळ्यात भारी म्हणजे पोरांची जन्मगावं. रेल्वेवाल्याची बदली कधी झाली हे त्याला आठवत नाही पण थोरला दौंडला झाला, मधला कुर्डुवाडीला, धाकटी वाडीला हे आई एका दमात सांगते. पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि गाव दोन्ही असतं, म्हणजे बदल्यांची यादी तयार. दुसरं, मोठ्या घटनांच्या अलीकडे की पलीकडे असं विचारा. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? सुकडी वाटायचे तेव्हा तुम्ही कुठल्या क्वार्टरला होता? किल्लारीच्या भूकंपाला, म्हणजे १९९३ च्या सप्टेंबरात, ड्युटीवर होता का? लातूरच्या बाजूला काम केलेला माणूस असेल तर या प्रश्नाला तो उठून बसतो. तिसरं म्हणजे शब्द पकडायचे. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ ला सरकारने विकत घेतली, त्याआधी ती खाजगी कंपनी. त्यामुळे म्हातारा माणूस बोलताना "कंपनीत असताना" म्हणाला की कान टवकारा, आठवण चोपन्नच्या आधीची आहे किंवा त्याच्या बापाकडून आलेली आहे. "सरकारी झाल्यावर" म्हणाला की नंतरची.

आणि १९७४ चा संप. ८ मे ते २७ मे, वीस दिवस, देशभरातले लाखो रेल्वे कामगार. याबद्दल विचाराच पण समोर चार लोक बसलेले असताना नको. कारण कुणी संपावर गेलं आणि कुणी कामावर गेलं, आणि दोघं एकाच चाळीत राहत होते, आणि काही घरं त्यानंतर वर्षानुवर्षं एकमेकांकडे गेली नाहीत. मी हे एका निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर विचारलं होतं, वातावरण असं झालं की जिलेबी पण कुणी परत घेतली नाही. नंतर दोघांनी वेगवेगळं घरी बोलावून सांगितलं. अशा गोष्टी लिहिताना नावं काढून टाकायची, सांगणाऱ्याला दाखवायचं, नको म्हणाला तर नको.

आता फिरणं. बार्शी लाईट आता ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी, झालीय, लातूरची बाजू २००७-०८ ला आणि पंढरपूर-मिरज २०१०-११ च्या सुमारास. पण नवी लाईन सगळीकडे जुन्याच जागेवरून जात नाही. जुनी लाईन उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवला न जाता येडशीवरून लातूरला जायची, नवी धाराशिवला वळसा घालून जाते. लातुरात जुनं स्टेशन गावात होतं, नवं वेगळीकडे. म्हणजे तुकड्यातुकड्यांत जुना मार्ग मोकळा पडलाय आणि तो ओळखता येतो.

ओळखायचा कसा? गूगल अर्थ कॉम्प्युटरवर टाका, त्यात जुने सॅटेलाईट फोटो बघायची सोय असते, मागं सरकवत जा. शेताचे बांध सगळे चौकोनी किंवा वाकडेतिकडे आणि त्यांना कापत जाणारी एक गुळगुळीत वळणाची रेघ दिसली की तीच. बैलगाडी कशीही वळते, आगगाडीला लांबलचक वळण लागतं. गावात असाच एखादा रस्ता असतो, बाकी सगळे बोळ काटकोनात आणि हा एकटाच ऐटीत वळत गेलेला, आणि त्याच्या कडेच्या जुन्या घरांची तोंडं पलीकडे, रस्त्याकडे नुसती मागची भिंत आणि न्हाणीघराचं गटार. कारण तेव्हा तिथं रस्ता नव्हता, लाईन होती, लाईनकडे कोण दार काढणार. तलाठ्याकडचा गावनकाशा पण बघा, रेल्वेची जमीन लांब अरुंद पट्ट्यासारखी निघते, आणि सातबाऱ्यावर रेल्वेचं नाव अजून दिसलं तर शंकाच नको.

प्रत्यक्ष जाताना टेप घेऊन जा, साधा सुताराचा. कुठं रुळाचा तुकडा जागेवर राहिला असेल, लेव्हल क्रॉसिंगच्या डांबरात बऱ्याचदा राहतो, तर दोन रुळांमधलं अंतर आतल्या कडांपासून मोजा. ७६२ मिलिमीटर भरलं तर आपली अडीच फुटी. १६७६ भरलं तर तुम्ही चालू ब्रॉडगेजवर उभे आहात, बाजूला व्हा. हे गमतीत नाही सांगत, चालू लाईनवर विनापरवाना फिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या फारसा आवाज न करता अंगावर येतात. फक्त सोडून दिलेल्या तुकड्यावर फिरायचं, वर्कशॉप किंवा यार्डात जायचं असेल तर रीतसर विचारून. आणि सकाळी लवकर जा, वेडी बाभूळ आणि साप दोघांनाही जुना भराव फार आवडतो.

रूळ बघताना खांब विसरू नका. रेल्वे वस्तीत रुळाचं काहीही होतं: कुंपणाचे खांब, गोठ्याची तुळई, कपडे वाळत घालायचे दांडे, देवळाबाहेर टांगलेली घंटा. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात उमटवलेलं असतं. तारेच्या ब्रशने हलकं घासायचं, आडवा खडू धरून वरनं फिरवायचा, अक्षरं वर येतात. आमच्या जुन्या चाळीच्या मागच्या कुंपणाला एक असा तुकडा होता, लहानपणी मी त्याला टेकून हजार वेळा उभा राहिलो असेन, कधी बघितलं नाही. परवा खडू फिरवला तर इंग्रजी अक्षरं आली, मग एक आणि नऊ आले आणि पुढचे दोन आकडे गंजाने खाल्लेले. अर्धा तास घासत बसलो. शेजारची बाई बाहेर येऊन म्हणाली, विकणार का काय?

स्लीपरची लाकडं जुन्या घरांच्या चौकटीत आणि बाकड्यांत सापडतात, खिळ्यांची भोकं असतात त्यांना. लाईनखालच्या मोऱ्यांच्या (छोट्या पुलांच्या) कठड्यावर कधीकधी नंबर किंवा साल कोरलेलं असतं. क्वार्टरच्या दारावरचा नंबर चुन्याखाली दोन-तीन थरांचा असतो, फोटो काढून ठेवा, नंबर बदलले की कागदावरचे पत्ते जुळत नाहीत.

कागद. घरोघरी पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्यात सोनं नसलं तरी सर्व्हिसचे कागद असतात: पगाराच्या पट्ट्या, पासची अर्धी फाडलेली पानं, पीपीओ (पेन्शनचा हुकूम), बदलीचे हुकूम, इन्स्टिट्यूटच्या (रेल्वेवाल्यांच्या क्लबच्या) कॅरम स्पर्धेचं सर्टिफिकेट. ट्रंक मागून घेऊ नका. कधीच नाही. तिथंच बसून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलने फोटो काढा, मागची बाजू पण काढा कारण मजकूर मागंच असतो. पीपीओ नंबर, बँक खातं असलं काही दिसत असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी झाका. निवृत्तीचा ग्रुप फोटो मिळाला, हार घातलेला माणूस मधे आणि हातात भिंतीवरचं घड्याळ, तर तो प्रिंट मारून न्या आणि प्रत्येक डोक्यावर नंबर टाकून खाली नावं लिहून घ्या. हे काम आजच करा. मी एक असा फोटो "पुढच्या खेपेला" म्हणून ठेवला, पुढच्या खेपेला नावं सांगणारा माणूस फोटोतच राहिला होता.

रेकॉर्डिंगचं एकच: बोलणं सुरू करण्याआधी मोबाईलमध्ये जागा आहे का बघा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि घरी गेल्या गेल्या दुसरीकडे कॉपी करा. माझं एक दीड तासाचं रेकॉर्डिंग अकरा मिनिटांवर तुटलंय कारण स्टोरेज फुल्ल, आणि फुल्ल कशाने तर गुड मॉर्निंगच्या फुलांनी.

लिहिताना लोकांचे शब्द सरळ करू नका. टेसन, शिंगल, गारड, डायवर, सांधेवाला (रुळांचे सांधे बदलणारा), लाईन किलेर (लाईन क्लिअर, पुढची लाईन मोकळी असल्याची परवानगी). "स्थानक" आणि "वाहनचालक" केलं की सांगणाराच ते वाचून म्हणतो हे मी नाही बोललो. आणि सगळं गोड पण करू नका. क्वार्टरचे पावसाळ्यात गळणारे पत्रे, चार कुटुंबात एक संडास, हमालांची गेलेली पाठ, गेज एक झाल्यावर ज्यांचं कामच संपलं ते लोक, हे पण तेवढंच आलं पाहिजे. गेज बदललं हे चांगलंच झालं, त्यात रडण्यासारखं नाही, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी याच बाजूने, पंढरपूर-कुर्डुवाडी करत गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणीत पाच लाख लिटर, नॅरोगेज असती तर ती गाडी गेलीच नसती. पण त्या दिवशी ती कुर्डुवाडीवरून पुढं गेली तेव्हा कुणाला काही उतरवावं लागलं नाही, चढवावं लागलं नाही. आमच्या रिटायर्ड हमाल मामांनी हे मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

शेवटचं काम नकाशा. मोठ्या ड्रॉइंग शीटवर पेन्सिलने वस्ती काढा: चाळी, बंगले, शेड, पाण्याची टाकी, इन्स्टिट्यूट, माल बदलायची जागा, देऊळ, दर्गा, नळ. छापून आणू नका, छापलेल्या कागदावर कुणी बोट ठेवून चूक म्हणत नाही, पेन्सिल दिसली की सगळे सरसावतात. एका घरात शीट पसरून सोबत खोडरबर ठेवायचा आणि गप्प बसायचं. आमच्यात तिसऱ्या चाळीचा नळ पिंपळाच्या अलीकडे होता की पलीकडे यावर दोन सख्ख्या बहिणींचं असं जुंपलं की दोन खोडरबर लागले. शेवटी दोन्हीकडे नळ काढलाय आणि एकापुढं छोटं प्रश्नचिन्ह टाकलंय. कुणाच्या नळापुढं ते दोघींनाही अजून दाखवलेलं नाही.